काळ्या दोरीचा दगड

सासऱ्यांना भरवून, पुसून, शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून नोबुए घटकाभर देवळाच्या बागेत आली. क्योतोतली ही बाग सासऱ्यांनीच रचलेली. आता त्यांना सुनेचं नावही आठवत नव्हतं. दिवसभर नुसत्या "ओ बाई, ओ बाई" अशा हाका. शेवाळातल्या पायवाटेवर काळ्या दोरीने बांधलेला दगड होता. दगड दिसला की पुढे जायचं नाही. माणसं मुकाट मागे फिरत होती. "माझ्यासाठी कोण ठेवणार असा दगड?" ती पुटपुटली. घरी येऊन तिने शेजारणीला निरोप दिला आणि खोलीत आडवी झाली, ती थेट संध्याकाळी जागी झाली. एकही हाक नाही! धसकून तिने दार सरकवलं. उंबऱ्याबाहेर दगड होता, काळ्या दोरीने बांधलेला. पलीकडे मातीने माखलेले सासरे बसले होते. तिला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू, ओ बाई, हळू! आत सून झोपलीये माझी. दमलीये बिचारी."