बाबांची गाडी

बाबा आयुष्यभर जी बस चालवत होते, ती भंगारात निघाल्यावर त्याने आणि त्याच्या हौशी मित्रांनी रविवार-रविवार खपून पुन्हा उभी केली. कारखान्यातून निघाली होती तशीच ती झाली पाहिजे, हा मंडळींचा हट्ट. भोंगा तेवढा घोगरा होता. बाबा कोपऱ्यावर तो वाजवायचे आणि घरात आई ताट वाढायला घ्यायची.

“हिला जन्माचा खोकला दिसतोय रे!” म्हणत मिस्त्रीकाकांनी भोंगा उघडला आणि खणखणीत करून दिला. सगळ्यांबरोबर त्यानेही टाळ्या वाजवल्या.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, आईची नजरही आता गेली होती. पहिल्या फेरीला तिलाच बसवायचं म्हणून त्याने तिला दारात खुर्ची टाकून दिली, कोपऱ्यावरून गाडी वळवली आणि मुद्दाम भोंगा वाजवला.

आई जागची हलली नाही.

“आई, ऊठ ना. बाबांची गाडी आलीय.”

तिने कान देऊन ऐकलं आणि हातातली काठी मांडीवर आडवी ठेवली.



“ही जाऊ दे, बाळा. त्यांची मागून येत असेल.”