निळं झिंक

“वर्षभर पाण्यात राहून कणभर झिजलं नाही,” किनाऱ्यावर ओढलेल्या आमच्या बोटीच्या सुकाणूवरच्या झिंकच्या वडीवर थाप मारत नवरा म्हणाला. “नवीन कशाला हवं? तुझा दादाही जुनंच ठेवून समुद्रात निघालाय.”

मला चैन पडेना. सुकाणूचं लोखंड वाचावं म्हणून तर झिंक लावायचं. खारं पाणी आधी झिंकला खातं. मग वर्षभर त्याने खाल्लं काय?

मी कोयत्याने वडी खरवडली. निळ्या रंगाचा पापुद्रा निघाला; खालच्या झिंकला पाणी शिवलंच नव्हतं. गेल्या नारळी पौर्णिमेला बोट नटवताना झिंकवरही ब्रश फिरवला होता. मीच. हौसेने, रंगाचे दोन हात.

नवऱ्याने सुकाणूच्या दांड्यावर हातोडी मारली. लोखंडाचा पोपडा भिजल्या बिस्किटासारखा गळून पडला.

त्याच दिवशी, त्याच डब्यातून, दादाची बोटही मीच रंगवली होती.

मी धक्क्याकडे पळत सुटले. निळी बोट खाडीच्या तोंडाशी पोचली होती. “दादा, मागे फिर!” ओरडत मी पदर हलवत राहिले.

इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? सुकाणूपाशी उभ्या दादाने मला बघून दोन्ही हात हलवले, आणि बोट समुद्रात घातली.