नानांचा कागद नानांपाशी

नानांनी बटणावर ठेवलेलं बोट उचललं आणि शर्टाला पुसलं.

"दाबा हो नाना," हेडक्लार्क बाई पलीकडच्या टेबलावरून म्हणाल्या. "तुमचाच तर कागद आहे."

"म्हणूनच दाबता येत नाही, बाई."

पडद्यावर नानांचा रजेचा अर्ज होता. मुलगी बाळंतपणासाठी दवाखान्यात आहे, दोन दिवस रजा मिळावी. खाली हिरवं बटण, 'पोहोचवली'. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि बस चारची होती.

सगळे कागद कॉम्प्युटरवर घ्यायचे ठरलं, तेव्हा कॉम्प्युटर विभागातली मुलगी वही घेऊन बाईंकडे आली होती. तुमच्या सहीनंतर फाइल कुणाकडे जाते, असं तिने विचारलं. बाईंना खोटं बोलायची सवय नाही. त्या म्हणाल्या, "नानांकडे. आमचे शिपाई." मुलीने तसंच लिहून घेतलं. तेव्हापासून अकराशे माणसांच्या त्या कार्यालयातली प्रत्येक रजा, खरेदी आणि बदली नानांच्या पडद्यावर येऊन उभी राहायची, आणि त्यांनी बटण दाबलं की मगच तिसऱ्या मजल्यावर साहेबांसमोर उमटायची. नाना बटण दाबायचे आणि जिना चढून वर बघून यायचे, खरंच पोहोचली का.

पण आपला कागद आपण न्यायचा नाही, हा शिपायांचा जुना रिवाज. स्वतःचा कागद हातात असला की पाय भरभर पडतात आणि दुसऱ्याचा मागे राहतो. नानांचे कागद दुसरा शिपाई लंबू न्यायचा, लंबूचे नाना. लंबू निवृत्त झाला आणि त्याच्या जागी हा पडदा आला.

फोन वाजला. नानांची बायको दवाखान्यातून बोलत होती.

"निघालात का?"

"अर्ज अडकलाय."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"अहो, सहाला तिला आत नेणार आहेत. बाबांना बघितल्याशिवाय जायची नाही म्हणून हटून बसलीय पोरगी. डॉक्टर काय तुमच्या अर्जासाठी थांबणार आहेत?"

"बघतो."

"बघत बसू नका. तुमच्यापेक्षा जावई बरा, तो निदान रडतो तरी!"

तेवढ्यात साहेब जिना उतरून आले. दुपारपासून समोर एकही फाइल आली नव्हती. आधी त्यांना बरं वाटलं होतं, मग काळजी वाटायला लागली होती.

"काय झालंय इथे?"

"नानांचा कागद नानांपाशी अडकलाय, साहेब," बाई उभ्या राहून म्हणाल्या.

"हात्तिच्या! दिली रजा. जा तुम्ही, नाना."

"तोंडी?" नानांनी असं विचारलं की साहेबांनाच ओशाळल्यासारखं झालं. "अठ्ठावीस वर्षांत मंजुरीशिवाय पाऊल बाहेर टाकलं नाही, साहेब."

"आणि पहिली फाइल हलल्याशिवाय मागच्या हलत नाहीत," बाई हळूच म्हणाल्या. "सदुसष्ट आहेत. नानांच्या लगेच मागे तुमच्या दौऱ्याची आहे."

साहेब नानांच्या खुर्चीत बसले, स्वतःच्या नावाने आत शिरले आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: आपण शिपाई नाही. आपल्याला हा अधिकार नाही.

साहेबांनी ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने.

बाईंनी कॉम्प्युटरवाल्या मुलीला फोन लावून दिला. "तुम्हाला दहा मिनिटांसाठी शिपाई करता येईल, साहेब," ती म्हणाली. "पण लेखी आदेश लागेल."

"कुणाचा?"

"तुमचाच. तो नानांकडून येईल."

बाईंनी तोंडाला पदर लावला. फोनवर मुलीनेही खोकल्यासारखं केलं. "राहू द्या साहेब, करते. फक्त कुणाला सांगू नका."

साहेबांनी पुन्हा बटण दाबलं. अर्ज गेला. "झालं!" म्हणून ते उठले. नाना हलले नाहीत.

"आता काय?"

"पोहोचला का ते वर जाऊन बघायचं असतं. मी रोज बघतो."

साहेब लिफ्टकडे वळले.

"शिपायांचा जिना इकडून आहे, साहेब."

तीन मजले चढून झाल्यावर वरून दमलेला आवाज आला, "पोहोचला!" नानांनी पिशवी खांद्याला लावली. पुन्हा आवाज आला, "पण सही होत नाहीये! म्हणतंय, शिपायाला अधिकार नाही!"

"दहा मिनिटं संपू द्या," नाना जिन्यात तोंड वर करून म्हणाले. "दाराशी माझं स्टूल आहे, त्यावर बसा."

चारला आठ मिनिटं कमी असताना बाई ओरडल्या, "मंजूर!" नाना आयुष्यात पहिल्यांदा कार्यालयातून धावत बाहेर पडले.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बायकोला फोन करून झाला. तोच बाईंचा आला.

"नाना, बसलात ना?"

"बसलो. का हो?"

"काही नाही. तुम्ही रजेवर, म्हणून त्या मुलीने साहेबांना पुन्हा शिपाई केलंय. पण फायली तशाच उभ्या आहेत. पुढची साहेबांच्या दौऱ्याची ना." बाईंनी आवाज आणखी खाली आणला. "बटणावर बोट ठेवतात आणि उचलतात. म्हणतात, आपला कागद आपण कसा न्यायचा?"

ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

"बाई, बोट शर्टाला पुसलं का हो त्यांनी?"

"दोनदा."