एकही जोड सैल नाही

"पाय अडकलाय, नजर नाही. आजपासून सारं ब्रह्मांड माझ्या मुठीत!" गुडघ्याला प्लास्टर घालून महिनाभर चौथ्या मजल्यावर अडकलेल्या निवृत्त प्लंबरने जाहीर केलं. चार भिंती बघून त्याचे डोळे विटले होते, म्हणून माळ्यावरचे जुने पाइप जोडून त्याने दुर्बिणीला स्टँड केला होता.

संध्याकाळी समोरच्या गच्चीमागून चंद्र दुर्बिणीत आला, दोन मिनिटं टेकला आणि पुढे सरकला. त्याच्यामागे दुर्बीण वळवायला प्लंबरने जोर लावला, पण स्टँड तसूभर हलेना.

"बाबा, पाइपांचे आटे सैल ठेवायचे होते ना? त्यांच्यावरच तर दुर्बीण फिरते," लेक म्हणाली.

"सैल? माझ्या हातचा जोड?" सवयीने त्याने प्रत्येक जोडाला सुतळी गुंडाळून, सफेदा थापून, पान्याने जीव खाऊन आवळलं होतं. आता ते जोड त्याच्या बापालाही उघडता आले नसते.

दुर्बिणीत उरली समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. तो बराच वेळ तिलाच डोळा लावून बसला.

"बाळा, समोरच्यांना जरा फोन लाव. त्यांचा कॉक गळतोय."