सव्विसावा मजला

ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात मोहिनीने प्रिंटरमधून निघालेलं पत्र सावळीरामांपुढे सरकवलं.

"आलं बघा, काका. संघर्षच्या हॉटेलचं लेटरहेड आहे, सही आहे. आता तुमची व्हिसाची फाइल पूर्ण झाली."

सावळीरामांनी चष्मा लावला. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून त्यांनी असली इंग्रजी पत्रं हजारोंनी वाचली होती. पहिल्या ओळीत त्यांच्या मुलाचं, संघर्षचं नाव होतं. दुसरीत, तो पाच वर्षं कायम नोकरीत असल्याचं लिहिलं होतं. तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. हुद्दा : गेस्ट रूम अटेंडंट.

"पोरी, हे म्हणजे काय?"

मोहिनीने शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोकडे, विमलाबाईंकडे एकदा पाहिलं. "हाउसकीपिंग, काका. रूम आवरायच्या, चादरी बदलायच्या, बाथरूम स्वच्छ करायचं. तिकडे चांगली नोकरी समजतात ही. व्हिसाला काहीच अडचण नाही."

"तो मॅनेजर आहे," सावळीराम म्हणाले.

बाहेर शालिमारच्या स्टॉपवर कंडक्टर 'नाशिकरोड, नाशिकरोड' असं ओरडत होता.

टेबलावर त्यांची वही उघडी होती. लास वेगासचे सात दिवस त्यांनी दोन महिने खपून त्यात आखले होते. सायबर कॅफेत बसून एकेक हॉटेल शोधलं होतं. सोमवारी नाचणारी कारंजी. मंगळवारी हॉटेलच्या आतला कालवा आणि त्यातल्या होड्या. गुरुवारी ती मोठी दरी. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : जुगार खेळायचा नाही, फक्त बघायचा. भर वाळवंटात दिव्यांचं शहर उभं केलंय आणि त्यातलं एक हॉटेल आपला संघर्ष चालवतो, हे उपनगर भागातल्या अख्ख्या कॉलनीला त्यांच्याकडून कळलं होतं.

त्यांनी वही मिटली. "राहू दे, मोहिनी. फाइल परत दे. आम्हाला नाही जायचं."

"का नाही जायचं?" विमलाबाईंनी विचारलं.

"तुला कळलं नाही का, काय लिहिलंय ते?"

"मला वर्षापासून माहीत आहे."

सावळीराम त्यांच्याकडे बघतच राहिले.

"फोनवर कंबर दुखते म्हणाला. कशाने, तर गाद्या उचलून. मॅनेजर कशाला गाद्या उचलेल? मी सांगितलं त्याला, गुडघे वाकव, कंबर वाकवू नको."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तुम्ही पेढे वाटून मोकळे झाला होता. त्याने तोंड कधी उघडायचं?"

सावळीरामांनी पत्र उलटं करून टेबलावर ठेवलं. "विमल, सायखेड्याला माझ्या बापाने जन्मभर गावाची घाण उचलली. त्यातून सुटायला मी पेन धरलं. एवढा शिकवला पोराला, आणि त्याने परत तेच करायचं?"

"आणि मी काय करत होते?" विमलाबाईंचा स्वर चढला नव्हता. "एकतीस वर्षं दवाखान्यात आया होते. तिथे काय पेन धरलं होतं मी? त्याच पगारावर शिकला ना तो?"

मोहिनी उगाच कागद सारखे करत राहिली.

"तुम्ही रोज न्यायला यायचात," विमलाबाई म्हणाल्या, "ते मी कधी विसरणार नाही. पण गेटपाशी सायकल धरून उभे राहायचात. एकदा तरी आत आलात का? मी काम कसं करते, ते बघितलंत का?"

खरंच सावळीरामांनी वॉर्ड कधी पाहिला नव्हता. घरी आल्यावर ती हात कोपरापर्यंत धुवायची, आणि तेवढा वेळ ते पेपर वाचत बसायचे. इतक्या वर्षांत हे आज पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं.

त्यांनी पत्र पुन्हा हातात घेतलं. या वेळी शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की, या माणसाच्या कामाबद्दल पाच वर्षांत एकही तक्रार आलेली नाही.

"फोन लागेल का इथून?" त्यांनी मोहिनीला विचारलं.

तिने परदेशी फोन करायच्या कार्डावरचे आकडे दाबून नंबर लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. तिकडे रात्रीची जेवणं आटोपली असतील.

"बाबा?" संघर्षचा आवाज लगेच आला. फोनची वाटच बघत असावा. "पत्र मिळालं?"

"मिळालं."

"बाबा, मी तुम्हाला सांगणारच होतो. पण..."

"सुट्टी कधी असते तुला?"

"मंगळवार, बुधवार. काळजी करू नका बाबा, त्या दोन दिवसांत सगळं फिरवून आणतो तुम्हाला."

"फिरणं होईल रे." सावळीरामांनी वही उघडली, खिशातलं पेन काढलं. "कामावर किती वाजता जातोस?"

"आठला."

"आणि कितव्या मजल्यावर असतोस?"

"सव्विसाव्या. पण बाबा, तिथे बघण्यासारखं काही नाही. नुसत्या खोल्या आहेत."

सावळीरामांनी सोमवारची कारंजी खोडली आणि वर लिहिलं : सकाळी आठ, मजला सव्विसावा. विमलाबाई जवळ सरकून वाचत होत्या.

"आम्हाला आत सोडतील का?" ते म्हणाले. "तेवढं विचारून ठेव."