डावं मनगट

सारंगखेड्याच्या जत्रेत अकरावीच्या काही पोरांनी डाव्या मनगटावर विंचू गोंदवून घेतले, तेव्हा सुगंधाबाई आपल्या रतिलालचा विंचू पाहून नुसती हसली होती. पुढे त्या विंचवांची टोळी झाली. आणि परवा, कॉपी पकडली म्हणून, त्या टोळीनं गणिताच्या मास्तरांना वाटेत अडवून त्यांचा पाय मोडला. तोंडाला फडकी होती, त्यामुळे मास्तरांना चेहरे दिसले नाहीत, विंचू तेवढे दिसले.

आज अकरावीच्या सगळ्या पोरांनी आईबापासह हजर राहायचं, फौजदार हात तपासणार, असा शाळेचा निरोप आला. सुगंधाबाईनं चुलीत उलथनं लाल होऊ दिलं.

"हात पुढे कर."

"माय, नको वं!" रतिलाल रडकुंडीला आला.

तिनं डोळे मिटून उलथनं विंचवावर टेकवलं. मग जखमेवर खोबरेल लावून चिंधी बांधता बांधता म्हणाली, "कोन्ही इचारं, ते सांगजो, तापेल दूध सांडनं."

शाळेच्या पटांगणात पोरं ओळीनं उभी होती. हेडमास्तर पहिल्याच पोरापाशी थांबले. त्याच्या मनगटाला चिंधी होती.

"काय झालं रे?"

पोराच्या आधी त्याची आई बोलली, "तापेल दूध सांडनं, गुरुजी."

सुगंधाबाईनं दचकून ओळीकडे पाहिलं. रतिलाल सोडून आणखी पाच मनगटांना चिंध्या होत्या आणि त्या पाचही पोरांच्या आया जमिनीकडे बघत होत्या.

हेडमास्तर फौजदाराकडे वळले. "तपासायला नको साहेब," ते हळूच म्हणाले, "आयांनीच ओळखून दिलीत."