चौथऱ्यावरचं नाव

स्मारकाच्या चौथऱ्यावरून मी चारही बाजूंनी बोटं फिरवली. एकही अक्षर हाताला लागलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी पॅसिफिकमधल्या याच बेटावर ह्यांचं जहाज थांबलं होतं. फोनवर म्हणाले, "एक जुना दर्यावर्दी इथे उतरला होता. त्याच्या स्मारकावर तुझं नाव कोरलंय." मी भडकलेच. "गडावर नावं कोरणाऱ्या पोरांना मी उठाबशा काढायला लावते, आणि तुम्ही?" फोन आपटला. आठवड्याभरात जहाज बुडालं.

रखवालदार अभिमानानं म्हणाला, "दरवर्षी नवा गिलावा करतो, मॅडम. कुणाचं नाव राहू देत नाही."

तो लांब गेल्यावर मी केसातली पिन काढली आणि फळ्यावर लिहिते तशा वळणदार अक्षरात ह्यांचं नाव कोरायला बसले.